अलिबागची रेघ

पहाटे ५:३०

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत तारीख मध्यरात्री बदलत नाही, पहाटे साडेपाचला बदलते. जगभरच्या वेधशाळा एकच जागतिक वेळ पाळतात आणि ती आपल्या साडेपाच तास मागे चालते. तिकडे शून्य वाजले की इकडे कालची फाइल बंद होते, आजची उघडते. त्यासाठी कुणाला उठावं लागत नाही. दगडी खोलीतलं यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा सेकंदासेकंदाला टिपत असतं.

नवीन पनवेलमध्ये एक मुलगी मात्र याच वेळी उठते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय इथेच आहे आणि ती तिथे पीएच. डी. करते. वरिष्ठ फेलो आहे, महिना ४२ हजार रुपये आणि वर घरभाडं. खोली दोघींत. घर कोल्हापूरकडे, वडिलांचा ऊस. शिवाजी विद्यापीठात शिकताना आवारातला रडार पाहिला होता, वातावरणाच्या वरच्या थरांतले वारे मोजणारा. त्या विषयातून या विषयात आली.

चहा उकळेपर्यंत फोनवर तीन गोष्टी बघून होतात. जर्मनीतल्या पोट्सडामहून येणारा केपी हा आकडा: गेल्या तीन तासांत पृथ्वीचं चुंबकत्व किती ढवळलं ते तो शून्य ते नऊमध्ये सांगतो. जपानमधल्या क्योटोहून येणारा डीएसटी: वादळ आलं तर किती खोल गेलं ते सांगतो. आणि अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्राचं बुलेटिन: सूर्यावर आज कुठले डाग समोर आहेत.

"केपी दोन," ती म्हणते. "शांत आहे. आज वाचनं चांगली मिळतील."

सकाळी ६:२०

पनवेल स्थानक. अलिबागची साधी एसटी. महिला सन्मान योजनेचं अर्धं तिकीट, पंचाहत्तर रुपयांच्या आसपास. पाठीवर सॅक, तीत लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली आणि एक वही. लॅपटॉप मांडीवर घट्ट. पेणपर्यंत रस्ता चांगला, वडखळला गर्दी.

वहीच्या मागच्या पानांवर तारखा आहेत. तिचं पाचवं वर्ष चालू आहे. फेलोशिपला मुदत असते, त्यामुळे पुढचं आतापासून बघावं लागतं. वहीत कामांची यादी अशी:

संस्थेचीच नानाभॉय मूस पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप.

स्कॉस्टेपची पाहुण्या अभ्यासकांची योजना. सूर्य आणि पृथ्वी यांच्या संबंधावर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय समिती. विद्यार्थ्याला परदेशातल्या प्रयोगशाळेत एक ते तीन महिने राहून शिकता येतं. विमानाचं तिकीट समिती देते, राहण्याजेवणाचं यजमान संस्थेनं बघायचं. म्हणजे आधी यजमान शोधायचा, त्याला पटवायचं, पत्र मिळवायचं.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानाच्या निरीक्षणांवर काम. २ सप्टेंबर २०२३ ला उड्डाण, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या कक्षेत. त्याची निरीक्षणं आता कुणाही संशोधकाला उतरवून घेता येतात. त्याला अर्ज नाही, शुल्क नाही. लागतो तो वेळ आणि चांगलं इंटरनेट.

अंटार्क्टिका. मैत्री आणि भारती या तळांवर संस्थेची उपकरणं आहेत. मोहिमेत माणसं जातात. घरी अजून विचारलेलं नाही.

यादीच्या कडेला खर्चही आहे. पासपोर्ट १५०० रुपये, काढून झाला. व्हिसाचे पैसे बाजूला ठेवायचे. पोस्टरची छपाई. घरी दरमहा पाठवायचे ते वेगळे.

पोयनाड येतं. ती वही मिटते आणि डोळे मिटून घेते.

सकाळी ९:०५

अलिबाग स्थानक. मार्च आहे, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विकायला आल्यात. कटिंग चहा दहा रुपये, वडापाव वीस. उभ्यानेच खाऊन ती समुद्राच्या दिशेनं चालू लागते. रिक्षा करत नाही.

मार्च आणि सप्टेंबर, या दोन महिन्यांवर तिचं लक्ष असतं. दिवसरात्र समान होतात त्या सुमाराला चुंबकीय वादळं जास्त येतात. सूर्यावरून सतत वारा सुटलेला असतो, विजेचा भार असलेल्या कणांचा. कधी त्यातून मोठा ढग फुटतो, स्वतःचं चुंबकत्व घेऊन येतो. ते चुंबकत्व दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला फट पडते. विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचा कल असा असतो की ही फट पडणं सोपं जातं.

हे ती मला चालता चालता सांगते.

सकाळी ९:३०

फाटक. आत झाडं, मोकळी जागा आणि जुन्या बैठ्या इमारती. पोरबंदरचा दगड आहे. कोकणात काळा दगड उदंड असताना हा दगड गुजरातेतून आणला, कारण आपल्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात आणि ते सुईला ओढतात. जोडकामाला पितळ, तांबं, लाकूड. लोखंडाचा खिळा नाही.

निरीक्षक काका आधीच आलेत. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. त्यांनी यंत्राच्या खोलीच्या बॅटऱ्या बघितल्या, तापमान नोंदलं, ओल शोषणाऱ्या पुड्या बदलल्या. रात्री वीज दोनदा गेली होती. बॅटरीनं तारून नेलं.

"मिनिट चुकलं नाही ना?" ती विचारते.

"नाही. सेकंदसुद्धा नाही." काका रजिस्टर पुढे करतात. "सही कर."

आवारातलं वाळलेलं गवत काढायला एक बाई आल्यात. पाचशे रुपये हजेरी. हातात कोयता. काका त्यांना सांगायला जातात.

"वहिनी, अकरापर्यंत त्या कुंपणाकडं काढा. या बाजूला नको."

"ठावं आहे मला," त्या म्हणतात. "तुमचं लोखंडाचं सोवळं."

ही वेळही रजिस्टरमध्ये जाते: गवतकाम, कुंपणाची बाजू, ९:४० पासून.

सकाळी १०:००

निरीक्षणाच्या खोलीबाहेर एक लाकडी ट्रे आहे. काका त्यात घड्याळ ठेवतात, किल्ल्या ठेवतात, मग पट्टा, मग मोबाइल. चष्माही बदलतात. रोजच्या चष्म्याच्या बिजागरीत पोलादी स्क्रू आहे. कामासाठी वेगळी फ्रेम करून घेतलीय, स्वतःच्या पैशांनी. ती केसांतल्या पिना काढते. ओढणीची सेफ्टी पिन काढते, ओढणीला गाठ मारते. सँडल बाहेर.

मी पेन खिशातच ठेवून आत निघालेलो. काका हात पुढे करतात. "स्प्रिंग असते त्यात." मला पेन्सिल मिळते.

खोलीच्या मधोमध दगडी खांब. त्याचा पाया जमिनीत वेगळा घेतलेला, फरशीला टेकत नाही. आपण चाललो तर खांब हलू नये म्हणून. खांबावर थिओडोलाइट. सर्वेक्षणवाले वापरतात तसाच, पण यात पोलाद नाही. दुर्बिणीच्या पाठीवर बोटभर लांबीचा संवेदक बसवलाय. त्याच्या आडव्या दिशेला क्षेत्र असलं की तो शून्य दाखवतो. सगळं काम हे शून्य शोधण्याचं.

दुसऱ्या खोलीत सतत चालणारं यंत्र असताना हे हातानं मोजणं कशाला, असं मी विचारतो.

"दुकानातला काटा रोज वजन दाखवतो," काका म्हणतात. "पण वर्षाला वजनमापवाला येऊन शिक्का मारतो की नाही? आमचा शिक्का आठवड्यातून अनेकदा."

ते यंत्र फक्त चढउतार नीट सांगतं. मूळ किंमत सांगत नाही. ऊन, ओल, पावसाळ्यात सरकणारी जमीन, यांनी त्याचा पाया हळूहळू हलतो. किती हलला ते या खांबावरूनच कळतं.

सकाळी १०:०६

पहिला संच काकांचा. लिहायचं काम तिचं.

काका आधी खिडकीतून दूरच्या खुणेवर दुर्बीण लावतात. ही खूण कुठल्या दिशेला आहे ते पक्कं ठाऊक असतं. वर्तुळावरचा आकडा वाचतात. मग दुर्बीण आडवी करून पूर्वेकडे वळवतात. बारीक स्क्रू दोन बोटांत. श्वास धरून. पडद्यावरचा आकडा बारा, सात, तीन, वजा एक.

"शून्य."

"चार छत्तीस दहा," ती वेळ सांगते. जागतिक वेळ. आकडा लिहिते.

मग पश्चिमेकडे, मग दुर्बीण पालथी घालून पुन्हा दोन्हीकडे. चार वाचनं. संवेदक दुर्बिणीशी अगदी समांतर कधीच बसत नाही, थोडा तिरपा राहतोच. चारही स्थितींत वाचलं की त्या चुका एकमेकींत फिटतात. सरासरी खरी निघते. ही झाली डी: चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती हटली. अलिबागला ती एक अंशाहूनही कमी.

आता दुर्बीण उत्तर-दक्षिण रेषेत. आता वरखाली फिरवायची. पुन्हा चार वाचनं. ही आय: क्षेत्र जमिनीत किती खाली झुकलंय. इथे सव्वीस-सत्तावीस अंश. ध्रुवाकडे गेलं की ते उभं होत जातं.

तिसरी किंमत एफ, एकूण जोर. ती शेजारचं प्रोटॉन यंत्र देतं. अलिबागला सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला. यातल्या एकेका नॅनोटेस्लाचा हिशेब ठेवायचा असतो. अलिबाग ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे त्या इंटरमॅग्नेटची अट आहे, अंतिम आकडा पाच नॅनोटेस्लाच्या आत खरा असला पाहिजे.

संच संपायला पंचवीस मिनिटं. काकांच्या कपाळावर घाम आहे. पंखा नाही. पंख्यात मोटर असते.

सकाळी १०:४०

दुसरा संच तिचा. आता काका लिहितात.

तिचा हात अजून तितका बसलेला नाही. शून्याजवळ येते, ओलांडते, परत येते. काका काही बोलत नाहीत. तिसऱ्या वाचनाला ती थांबते.

"खूण परत बघू का काका?"

"बघ. शंका आली की बघायचं. मागून गणित करून काही हाती लागत नाही."

ती परत खुणेवर दुर्बीण लावते. आकडा तोच. पुढे जाते. तिला चाळीस मिनिटं लागतात.

सकाळी ११:२५

लॅपटॉप. दोन्ही संचांतून मूळ किंमत निघते. त्यातून त्याच मिनिटाची यंत्राची नोंद वजा करायची. उरतो तो पाया, इथे त्याला बेसलाइन म्हणतात. दोघांच्या बेसलाइनमध्ये अर्ध्या नॅनोटेस्लाचा फरक. मागच्या आठवड्याच्या टिंबांशेजारी आजची दोन टिंबं बसतात.

काका चष्मा वर करून बघतात. "चालेल."

तिच्या चेहऱ्यावर दिसतं, हा शब्द सहज मिळत नाही.

बाहेर वहिनी आता इमारतीच्या बाजूचं गवत काढतायत. रजिस्टरमध्ये वेळ पडते.

दुपारी १२:४०

अलिबागला सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, पावणेएकच्या सुमाराला. भारताची घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लागलेली, आपण बरेच पश्चिमेला.

पडद्यावर आजची रेघ सकाळपासून चढत आलीय. उन्हामुळे शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या हवेत वीज वाहू लागते. त्या प्रवाहाचं चुंबकत्व इथवर पोचतं. आडव्या क्षेत्राचा, म्हणजे एचचा, आकडा ३८ हजारांच्या वर असतो. त्यात दुपारपर्यंत दोन आकडी नॅनोटेस्लांची भर पडते, संध्याकाळी ती ओसरते. दक्षिणेत तिरुनेलवेलीला हा चढ कितीतरी मोठा, कारण तिथे चुंबकीय विषुववृत्त जवळ.

डबे उघडतात. काकांकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. तिच्याकडे चपाती, बटाटा आणि घरून आलेला खरडा. वहिनींना हाक मारली जाते. त्यांच्या फडक्यात भाकरी आणि सुकट. तिघांची अदलाबदल होते.

"आज काहीच घडलं नाही काका," ती म्हणते.

"काही न घडलेला दिवसही लागतो. दर महिन्याला पाच सर्वांत शांत दिवस निवडतात पोट्सडामवाले आणि पाच सर्वांत वादळी. शांत दिवस माहीत नसेल तर वादळ किती मोठं ते कशाच्या तुलनेत सांगशील?"

दुपारी १:१५

टेबलावर एक लांब कागद उलगडलेला आहे, जाड, तपकिरी पडलेला, कडा मुडपलेल्या. फोटोचा ब्रोमाइड कागद. पूर्वी चुंबकाला चिकटवलेल्या आरशावरून प्रकाशाचा ठिपका या कागदावर पडायचा आणि कागद हळूहळू फिरायचा. रोज कागद बदलायचा, अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली डेव्हलपरमध्ये धुवायचा, मग हायपोत, मग पाण्यात, मग दोरीवर. काकांनी नोकरीच्या सुरुवातीला हे केलंय. बोटं पिवळी व्हायची म्हणतात.

तिचं आजचं दुसरं काम हे. असे कागद स्कॅन करायचे आणि रेघेचे आकडे करायचे. समोर आहे तो १३ मार्च १९८९ चा.

त्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला रेघेनं उडी मारली. नंतर ती उतरत गेली, वेडीवाकडी झाली. काही ठिकाणी इतकी वेगानं हललीय की कागदावर उमटलेलीच नाही. ती भिंगातून बघत पडद्यावर एकेक टिंब ठेवते. तासाभराच्या रेघेला अर्धा तास.

"हे बघा." तिचं बोट कागदावर थांबतं. "इथे दुपारचा सव्वा वाजलाय. त्याच मिनिटाला कॅनडात क्युबेकची वीज गेली. तिथे पहाटेचे पावणेतीन. साठ लाख लोक, नऊ तास अंधारात."

चुंबकत्व वेगानं बदललं की जमिनीत वीज वाहते. ती लांबलचक तारांमध्ये शिरते, ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते. क्युबेकमध्ये दोन मिनिटांच्या आत सगळं जाळं कोसळलं. इथे अलिबागमध्ये त्या क्षणी कुणाला काही कळलं नसणार. कागद धुतल्यावर कळलं.

दुपारी २:३०

टेबलावरचा गजर. जागतिक वेळेचे नऊ. तीन तासांचा एक खंड संपला. त्या तीन तासांत रेघ किती हलली त्यावर एक आकडा द्यायचा. ती एक लिहिते.

मग कपाळाला आठी पडते. दोन वाजून दहा मिनिटांनी रेघेवर एक काटा आहे. जेमतेम दोन नॅनोटेस्ला. वर गेला, खाली आला, संपला.

आकाशातून आलेलं काही असेल तर ते एका गावापुरतं नसतं. संस्थेच्या वेधशाळा देशभर आहेत. ती नागपूरची रेघ उघडते, मग राजकोटची, मग जयपूरची. तिघींवर काहीच नाही.

दोघं बाहेर जातात. रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता का? शेजारच्या बांधकामावरचा माणूस सांगतो, होता, मघाशी मागं घेऊन वळला.

काका रजिस्टरमध्ये लिहितात: १४:१०, टँकर, रस्ता. ती त्या मिनिटांवर खूण करते. आकडा पुसत नाही. खूण करते आणि कारण लिहिते. पन्नास वर्षांनी कुणी ही रेघ उघडली तर त्याला टँकर कळला पाहिजे.

दुपारी ४:००

चहा. अर्जासाठी लिहिलेलं दोन पानी टिपण ती काकांना वाचून दाखवते. त्यांना इंग्रजी समजतं, सूत्रं नको असतात.

"मूससाहेबांच्या नावाचा अर्ज आहे ना हा? मग त्यांचं काम पहिल्या पानावर पाहिजे."

नानाभॉय मूस १८९६ ला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. कुलाब्याला १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत्या. मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या रुळांतून गळणारी वीज सुईला सुखानं बसू देणार नव्हती. मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं. १९०४ ला इथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुना आकडा नव्याला जोडता यावा. ट्राम १९०७ ला धावली. तोवर रेघ सुखरूप इकडे आली होती. १९१० ला मूस यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी, १८४६ ते १९०५, दोन जाड खंडांत छापल्या.

त्या नोंदींत २ सप्टेंबर १८५९ आहे. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर पांढरा भडका दिसला होता. सतरा-अठरा तासांत वादळ पृथ्वीवर. लंडनजवळ क्यूच्या यंत्रात फोटोच्या कागदाबाहेर रेघ गेली. कुलाब्याला फोटोचं यंत्र अजून यायचं होतं. तिथे माणसं दुर्बिणीतून बघत हातानं आकडे लिहीत होती आणि त्या दिवशी ती लिहीत राहिली. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलं.

ते आकडे शास्त्रज्ञांच्या मोठ्या चर्चेत आले २००३ साली. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांचा निबंध. शेवटची दोन नावं याच संस्थेची. आज जगातली वीज कंपनी किंवा उपग्रह बांधणारी संस्था सर्वांत वाईट काय होऊ शकतं असं विचारते, तेव्हा उत्तरात कुलाब्याची ती उतरण येते.

"लिहिणाऱ्यांची नावं आहेत का कुठे?" ती विचारते.

काका मान हलवतात. "आकडे आहेत. ते बरोबर आहेत."

ती टिपणाच्या पहिल्या पानावर एक परिच्छेद वाढवते.

संध्याकाळी ५:२०

ट्रेमधून पिना परत केसांत. दिवसाची फाइल तपासून झाली. वहिनींनी कोयता फडक्यात गुंडाळला, पाचशे रुपये मोजून घेतले, उरलेलं गवत उद्या म्हणाल्या. काकांची स्कूटर फाटकाबाहेर लांब लावलेली असते. ते तिला स्थानकावर सोडतात.

परतीची गाडी भरलेली. वडखळपर्यंत उभी राहून प्रवास.

रात्री ८:४५

खोलीवर खिचडी. मग पुन्हा लॅपटॉप.

आता ती १० मे २०२४ उघडते. तिच्या प्रबंधाचा कणा तोच आहे. सूर्यावर एकच भलामोठा डागांचा समूह, त्यातून पाठोपाठ निघालेले ढग. भारतीय वेळेनुसार रात्री दहा वाजून पस्तीस मिनिटांनी अलिबागच्या रेघेनं उडी मारली. त्याआधी अर्धा तास १५ लाख किलोमीटरवरच्या यानांना धक्का कळला होता. हातात एवढाच वेळ असतो, अर्धा ते एक तास. २००३ नंतरचं सर्वांत जोरदार वादळ. लडाखात हानलेहून तांबडं आकाश दिसलं. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते. उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर सरी चुकू लागले, शेतकऱ्यांनी ते उभे केले.

ट्रॅक्टरचं ती वडिलांना फोनवर सांगते. ते पुन्हा पुन्हा विचारतात, किती चुकले? किती फूट?

तिचा प्रश्नही तोच आहे, थोडा पुढचा. भारतात वादळाच्या रात्री किती चुकेल, आणि ते किती आधी सांगता येईल? मे २०२४ चे आकडे सेकंदाचे आहेत. मार्च १९८९ चे आकडे ती ब्रोमाइडवरून टिंबाटिंबानं काढतेय. दोन्ही एकाच जागेचे, म्हणून शेजारी ठेवता येतात. त्याच्या जोडीला आदित्यवरची निरीक्षणं. त्यातली सूर्याची अतिनील चित्रं टिपणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. पुण्यातली दुर्बीण सूर्यावरचा भडका बघते आणि अलिबागचा खांब त्याचा परिणाम मोजतो. मधलं गणित तिला करायचंय.

रात्री ११:१०

अर्ज. दोन शिफारसपत्रं आलीत, तिसरं उद्या येईल. जपानमधल्या एका प्रयोगशाळेला महिन्यापूर्वी लिहिलं होतं, आज उत्तर आलं: विचार करू, नमुना पाठवा. ती १९८९ च्या कागदाचा आज केलेला तुकडा जोडते.

या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत. फेलोशिपा दोन वर्षांच्या, तीन वर्षांच्या. माणसं येतात, मुदत संपली की पुढच्या गावी जातात. मोजण्याचं काम असं मुदतीत बसत नाही. एक पावसाळा चुकला तर तो नंतर कुणालाच मोजता येत नाही, कितीही निधी मिळाला तरी. म्हणूनच शांत मंगळवारचे दोन संच, टँकरचं मिनिट, बॅटरीची तपासणी यांच्याकडे मी दिवसभर बघत राहिलो. उद्याच्या इशाऱ्याची सगळी भिस्त त्यांच्यावर आहे.

ती वहीत दिवसाचा खर्च लिहिते. तिकिटं दीडशे, वडापाव वीस, चहा दोनदा वीस. एकशे नव्वद. त्याखाली पुढच्या तारखा. जपानला पुढचं पत्र सोमवारी. तिसऱ्या शिफारशीची आठवण शुक्रवारी.

त्याआधी गुरुवार आहे. निघताना काकांनी सांगितलंय, गुरुवारी दोन्ही संच तिनेच घ्यायचे. ते लिहून घेतील आणि खाली तपासणीस म्हणून सही करतील.